नळीचं खालचं टोक

वर्क्सवर्थ, डर्बीशायर
रविवार, १३ ऑक्टोबर १९७४

प्रिय एफी,

आज सहाला उठलो. कोळसा आत आणला. चॅपलला जाऊन साडेअकराला परत आलो. जेवायला थंड मटण आणि बटाटा. दुपारी थोराचे कोट आणि बूट वेगळे काढून ठेवले. त्यानंतर बॉयलरशेजारचं कपाट उघडलं, आणि त्यामुळेच हे पत्र.

कपाटात तिची पांढरी बादली आहे. पाच गॅलन बिअर, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. चिकटवलेल्या कागदावर तिच्या अक्षरात २१ सप्टेंबर ही तारीख. म्हणजे तिला झटका आला त्याच्या आधीचा शनिवार. ही नाताळची बिअर असणार. त्या सगळ्या दिवसांत बादली माझ्या डोक्यातून पार गेली होती. आज दार उघडल्यावर वास आला तेव्हा कळलं.

ही बिअर तळाशी बसलेल्या साक्यावर फार दिवस राहिली की बिघडते, एवढं मला ऐकून माहीत आहे. आधी ती नळीने दुसऱ्या पिंपात उतरवायची, मग साखर घालून पिंपातून बाटल्यांत. पण सुरुवात कशी करायची ते मला माहीत नाही. थोरा टेबलाशी उभी असायची, वर. मी खाली बुटक्या स्टुलावर, बाटल्यांजवळ. ती चिमटीत दाबलेलं नळीचं टोक माझ्या हातात द्यायची, तेव्हा नळी भरलेलीच असायची. त्यापुढचं सगळं मी करत असे, आणि बरं करत असे. आधीचं मी कधी पाहिलं नाही.

आज बादली टेबलावर ठेवली, नळीचं एक टोक आत सोडलं, दुसरं हातात धरून स्टुलावर बसलो. काही आलं नाही. येणार नाही हे मला समजायला हवं होतं. मी अडतीस वर्षं पाणीपुरवठा कचेरीत नकाशे काढले आहेत.

तुम्ही दोघी बहिणी हे तुमच्या वडिलांकडून शिकलात. कृपा करून कसं करायचं ते कळवा. ती तिने केलेली शेवटची गोष्ट आहे. मला ती मोरीत ओतायची नाही.

तुमचा कंबरेचा त्रास कमी झाला असेल अशी आशा आहे.

आपला,
सिरिल

---

अ‍ॅम्बल, नॉर्थम्बरलँड
१६ ऑक्टोबर

सिरिल,

माझी बहीण जाऊन अठरा दिवस झाले. तुझं पहिलं पत्र आलं, आणि ते बिअरबद्दल. कोणती भजनं म्हटली, कोण आलं होतं, ती शेवटी काही बोलली का, एक ओळ नाही. थंड मटण खाल्लंस ते मात्र कळलं.

बरं. विचारलं आहेस तर सांगते. नळी उकळत्या पाण्यातून काढ. वरच्या टोकाला लाकडी चमचा बांध, म्हणजे ते तळापासून दोन बोटं वर राहील आणि साका ओढला जाणार नाही. खालचं टोक तोंडात धरायचं आणि ओढायचं. बिअर आली की अंगठा लावायचा, टोक पिंपात सोडायचं, अंगठा काढायचा. पिंपात अगदी तळाशी सोड, वरून धार पाडू नकोस. हवा मिसळली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. पुढे बाटल्यांना पाइंटमागे अर्धा चमचा साखर.

झालं. आमच्या बाबांना हे झोपेत जमायचं. पाणीपुरवठ्याच्या माणसाला जागेपणी जमावं.

फोन करू नकोस. मला आता दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही.

एफी

---

वर्क्सवर्थ
शनिवार, १९ ऑक्टोबर

प्रिय एफी,

तुमचं म्हणणं बरोबर आहे. मला लिहायला हवं होतं. साठेक माणसं आली होती. दोन भजनं तिच्या आवडीची होती, एक धर्मोपदेशकांनी निवडलं. ती शेवटचे दोन दिवस बोलली नाही. गुरुवारी सकाळी, झटका येण्याआधी, "दूध उतू जाईल, बघ," म्हणाली. तेच शेवटचं.

आता दुसरं. तुम्ही सांगितलंत तसं मला करता येत नाही. मी नऊ वर्षांचा असताना चॅपलमध्ये कार्डावर सही केली होती. दारू चाखणार नाही. तेव्हा आम्ही वीस-बावीस मुलं होतो. बाकीच्यांचं काय झालं मला माहीत आहे, मी ते विचारात घेत नाही. मी ती शपथ मोडलेली नाही. थोराने अकरा वर्षांपूर्वी बिअर करायला घेतली तेव्हा हे आमच्यात न बोलता ठरलं: ती करेल, मी नळीचं खालचं टोक धरेन, आणि वर ती काय करते ते मी बघणार नाही. ती आधी एका मगात थोडी घ्यायची. ती चव बघत असणार. त्या वेळी मी बाटल्यांकडे बघत असे.

म्हणून इतर उपाय केले. गुरुवारी नळी नळाखाली पाण्याने भरली, दोन्ही टोकांना अंगठे लावले. मग लक्षात आलं की चमचा बादलीत सोडायला तिसरा हात लागेल. वरचा अंगठा निसटला. नळीतलं पाणी बादलीत गेलं आणि मध्ये हवेचा बुडबुडा अडकला. पुन्हा तेच. सहा वेळा. सहाव्या वेळी नळी सुटून साबणाच्या पाण्यात पडली, ती परत उकळली.

शुक्रवारी सायकलचा पंप लावला. त्याचा चामडी पडदा उलटा बसवला की तो हवा ओढेल असा हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. प्रत्यक्षात पंपाने ओढलं नाही, फुंकलं. बादलीत मोठे बुडबुडे आले आणि साका वर उठला. बिअर आता चहासारखी गढूळ दिसते. ती खाली बसेपर्यंत थांबलो आहे.

तोंड न लावता दुसरी काही रीत असेल तर सांगा. मी एरवी चिडणारा माणूस नाही, पण शुक्रवारी पंप अंगणात फेकला. शेजारच्या रॅगनी ते पाहिलं.

आपला,
सिरिल

---

(पोस्टकार्ड)
अ‍ॅम्बल, २१ ऑक्टोबर

फुंकलंस??? बिअरमध्ये??? आता हात लावू नकोस. फडकं बांध, आठवडाभर हलवू नकोस. वास घे. आंबट आला तर संपलं. सविस्तर लिहिते. ए.

---

अ‍ॅम्बल
२४ ऑक्टोबर

सिरिल,

सोबत अर्धा पौंड साखर आहे. तुमच्याकडेही दुकानांत मिळत नसेल. इथे बायका रांगेत एकमेकींच्या टोपल्यांत डोकावतात. पाकीट फाटून आलं तर पोस्टमनला विचार की त्याचा चहा गोड कसा झाला.

दूध उतू जाईल हे लिहिलंस ते बरं केलंस. मी ते चार वेळा वाचलं.

आता ऐक. तोंडाशिवाय दुसरी रीत मला माहीत नाही. बाबांनी तसंच शिकवलं. ओढण्याआधी ते व्हिस्कीने चूळ भरायचे, तोंडातले जंतू मरावेत म्हणून. आई म्हणायची, जंतू नाही मरत, खूश होतात. तुला व्हिस्कीचा काही उपयोग नाही, ते सोड.

तो रॅग स्वतः बिअर करतो ना? थोराने एकदा लिहिलं होतं की त्याची बिअर कुंपणाला घातली तर कुंपण वाळेल. पण ओढायला काही हुशारी लागत नाही. त्याला बोलाव. एक घोट त्याचा, बाकी तू कर. शपथ तुझी, तोंड त्याचं. एवढं साधं आहे. तू ते उगाच अवघड करतो आहेस, आणि तिकडे ती बिअर साक्यावर बसून मरते आहे. पाच आठवडे होत आले!

हे मी रागाने लिहीत नाही. लिहिते आहे, पण तुझ्यावर नाही.

एफी

ता. क. तिने लेबलं केली होती का? ती आधीच करून ठेवायची. केली असतील तर कोणाकोणाची नावं आहेत ते कळव.

---

वर्क्सवर्थ
रविवार, २७ ऑक्टोबर

प्रिय एफी,

साखर पोचली. पाकीट शाबूत होतं. आभार.

काल रॅगना बोलावलं. ते पाइप तोंडात धरूनच स्वयंपाकघरात आले. दारातच सुरू झाले, "काय हो हकर्बी, सबंध गावात डोंगरावर पाणी चढवलंत, आणि पाच गॅलन बिअर टेबलावरून खाली उतरेना?"

"पाण्याला तोंड लावावं लागत नाही."

"मग तुम्ही नका लावू. माझं कशासाठी आहे?" त्यांनी पाइप टेबलावर ठेवला, थोराच्या पोळपाटावरच म्हणा, जिथे ती पेस्ट्रीचं पीठ लाटायची. हात पँटला पुसले. नळी उचलली आणि म्हणाले, "तुमची बायको माझ्या बिअरला नावं ठेवायची. आता बघू तिची काय लायकीची आहे."

मी म्हटलं, "ती नळी खाली ठेवा."

"अहो, गंमत केली!"

"ठेवा खाली, रॅग."

त्यांनी ठेवली. मग म्हणाले, "तुम्हाला स्वतः ओढायची नाही, मला ओढू द्यायची नाही. मग काय, प्रार्थना करून खाली उतरवणार?" मी दार उघडून धरलं. ते गेले. पाइप विसरले होते, तो खिडकीतून दिला.

ते वाईट गृहस्थ नाहीत. अंत्यविधीच्या दिवशी खुर्च्या त्यांनीच आणल्या होत्या. पण त्यांचे पिवळे दात त्या नळीला लागणार होते, ते मला बघवलं नाही. तुम्हाला हा हट्ट वाटेल. मलाही संध्याकाळी तसंच वाटलं. मी आता दोन आठवडे एका बादलीभोवती फिरतो आहे. साका खाली बसला आहे. वास आंबट नाही, पण पूर्वीसारखाही नाही.

लेबलं ड्रॉवरमध्ये सापडली. खाकी कागदाची, चाळीस. चॅपलच्या बाजारासाठी एकही नाही, अर्थातच. दहा रॅगना (त्यांना हे सांगितलेलं नाही). सहा डॉक्टरांना. बारांवर 'एफी' आहे. उरलेल्या बारांवर फक्त वर्ष.

आपला,
सिरिल

---

अ‍ॅम्बल
३० ऑक्टोबर

प्रिय सिरिल,

बारा. तू ते मोजून, नीट, एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलास. तुला माहीत असायचं कारण नव्हतं.

ईस्टरनंतर थोराने मला पत्र लिहिलं नाही. मीच तसं लिहिलं होतं. मी लिहिलं होतं, अकरा वर्षं तू जीव ओतून करतेस आणि तुझा नवरा ओठ लावत नाही, शिवाय मान खाली घालून बसतो, जसं काही घरात पाप चाललंय. असल्या माणसाबरोबर कसे दिवस काढतेस? तिचं उत्तर आलं नाही. मीही गप्प बसले. माझी कंबर दुखत होती हे खरं, पण गाडीत बसता आलं नसतं इतकी नाही. मी अंत्यविधीला आले नाही कारण मला तुझ्यासमोर आणि तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. तिने माझी बारा लेबलं केली आणि मला कळवलं नाही. आमच्या घराण्याची खोडच ती.

काल दिवसभर तिची जुनी पत्रं काढून बसले. तुझ्यासाठी काही सापडतं का बघत होते, आणि सापडलं. १९६५ च्या नोव्हेंबरमधलं आहे. तिचे शब्द उतरवून देते:

"मी आता नळी तोंडाने ओढत नाही. मोरीत बुडवून पाण्याने भरते, खालचं टोक दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावते, म्हणजे एक हात मोकळा राहतो. चमच्याचं टोक बादलीत सोडायचं, चिमटा काढायचा, आधी येतं ते पाणी मगात घ्यायचं. रंग आला की दाबून सिरिलच्या हातात. सिरिल तेवढा वेळ खाली बघत बसतो. त्याला वाटतं मी पिते आहे. मी सांगणार नाही. मगात नुसतं पाणी असतं. कधीतरी वर बघेल आणि त्याला कळेल."

हे मी तेव्हा वाचलं होतं, आणि नऊ वर्षांत विसरले. विसरले नसते तर तुला पहिल्याच पत्रात चिमटा सांगितला असता, आणि ईस्टरला ते दुसरं लिहिलं नसतं.

तर चिमटा लाव, सिरिल. शपथ मोडायचं कारण नाही. तिनेच तशी सोय केली होती.

तुझी,
एफी

---

वर्क्सवर्थ
रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय एफी,

तुमचं पत्र गुरुवारी दुपारच्या टपालाने आलं. तोवर सकाळचे साडेदहा वाजून गेले होते, आणि साडेदहाला मी नळी तोंडात धरली होती.

कसं झालं ते लिहितो. बुधवारी फडकं काढलं तर बिअरवर एका कडेला पातळ पांढरी साय दिसली. मी घाबरलो. चमच्याने ती काढली. रात्री विचार केला की कार्डावर सही करणारा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याला बादली माहीत नव्हती. हे कारण फार चांगलं नाही, मला माहीत आहे. सकाळी नळी उकळली, चमचा बांधला, पिंप जमिनीवर ठेवलं, खालचं टोक तोंडात घेतलं. पहिल्यांदा मी इतकं हळू ओढलं की बिअर अर्ध्यावर येऊन परत गेली. दुसऱ्यांदा जोरात ओढलं. तोंड भरलं. अंगठा लावायचा विसरलो, शर्टावर आली, मग लावला. टोक पिंपात सोडलं आणि तिथे गुडघ्यांवर बसून राहिलो. तोंडातलं थुंकायला मोरी दोन पावलांवर होती. थुंकता आलं नाही. गिळलं.

कडू होती. कोमट. मला आवडली नाही, हे तुम्हाला खरं सांगतो. अकरा वर्षं मला वाटत होतं की वर टेबलाशी काहीतरी गोड चाललेलं असतं.

बिअर पिंपात शांतपणे उतरली, एक थेंब उडाला नाही. साका मागे राहिला. मला बरं वाटलं, तास-दोन तास. मग टपाल आलं.

तुमचं पत्र वाचून मला आधी तुमचा राग आला. एक दिवस आधी आलं असतं तर! मग तिचा आला. इतकी साधी गोष्ट सांगायला काय झालं होतं? "सिरिल, पाणी आहे," तीन शब्द. दर वेळी मी तिच्यासमोर मान खाली घालून बसायचो आणि ती बसू द्यायची. हा राग शुक्रवारी दिवसभर होता. मी जेवलो नाही. चिमटा नळीच्याच डब्यात होता, एफी. मी पहिल्याच दिवशी तो काढून कपड्यांच्या पिशवीत टाकला होता, चुकून तिथे पडला असेल म्हणून.

काल शनिवारी बाटल्या भरल्या. तुमची साखर पाण्यात उकळून पिंपात घातली. पिंप टेबलावर उचलताना पाठ धरली, ती अजून धरलेली आहे. नळी मोरीत बुडवून भरली, टोक दुमडलं, चिमटा लावला. एका हाताने चमचा पिंपात सोडला. चिमटा काढला, रिकामा मग पुढे धरला. आधी पाणी आलं, स्वच्छ, मग जरा पिवळं, मग तपकिरी. पहिल्या खेपेला. मी तिच्या जागी उभा होतो. तिथून ते बुटकं स्टूल दिसतं. त्यावर कोणी बसलं असेल तर वरून फक्त टक्कल दिसत असणार. अकरा वर्षं तिला तेवढंच दिसलं.

नळी दाबून मी खाली द्यायला वाकलो. मग स्वतःच वळसा घालून स्टुलावर जाऊन बसलो आणि भरायला लागलो.

अडतीस बाटल्या झाल्या. दोन कमी पडल्या, त्या माझ्या पंपाच्या आणि शर्टाच्या खात्यात. लेबलं चिकटवली आहेत. तुमची बारा तीन आठवडे गरम जागेत ठेवून मग रेल्वेने पाठवेन. चव पुठ्ठ्यासारखी असेल तर मला तसं लिहा, थोराला बोल लावू नका. रॅगना त्यांच्या दहा मी उद्या सांगणार आहे. ते काय बोलतील ते आत्ताच ऐकू येतं.

तुम्ही ईस्टरला लिहिलंत ते खोटं नव्हतं. ते तुम्ही मला लिहायला हवं होतं. मी वर पाहिलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण लिहायला हवं होतं. नाताळला यायचं असेल तर वरची खोली रिकामी आहे. जिना चढता येत नसेल तर मी पुढच्या खोलीत पलंग लावीन.

बादली अजून मोरीत आहे, तळाशी बोटभर साका घट्ट बसला आहे. नुसत्या पाण्याने निघत नाही. हे पत्र बंद करतो, बाह्या वर करतो आणि ती घासायला घेतो.

तुमचा,
सिरिल